डाव्या तोंडाची कणीक

"मॅडम, चला लवकर! पखवाज फाडला कुणीतरी!"

शिपाई सिद्धोधन धावत आला तेव्हा फौजदार सुकेशनी वाव्हळे मंडपाच्या दारात उभी होती. सकाळपासून उभीच होती. सोनपेठला शाळेच्या मैदानावर लोकसंगीत महोत्सव, आणि तिच्या नशिबी बंदोबस्त. उद्घाटन सकाळचं, पण दुपार कलली तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता. गावोगावची मंडळं टाळ मांडीवर घेऊन ताटकळली होती. पाण्याचे जार केव्हाच आटले होते. पुढचे सोफे मात्र पांढरी कापडं घालून राखून ठेवलेले; कुणी टेकलं की गळ्यात बिल्ला अडकवलेला स्वयंसेवक हाकलायला हजर! मघाशीच एका म्हाताऱ्याला तिथून उठवताना तिनं पाहिलं होतं. उजवा हात लुळा पडलेला. बिचारा लांब सतरंजीच्या कडेला जाऊन बसला. तेव्हापासून सुकेशनीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"कुणाचा पखवाज?"

"आबासाहेबांच्या भजनी मंडळातली पोर हाय ना, वैष्णवी. तिचा. रडत न्हाई मॅडम, नुसती बसलीय. तेच बघवंना."

वाद्यं ठेवायला शाळेची एक वर्गखोली दिली होती. वैष्णवी फळ्याखाली बसली होती, पखवाज मांडीवर आडवा. डाव्या तोंडाच्या कातड्याला सरळ, चांगली चार बोटं लांब चीर. आपोआप फाटलेलं कातडं असं रेघ मारल्यासारखं फाटत नाही. चिरेभोवती पांढरट पापुद्रे चिकटलेले, काही खाली सांडलेले. शेजारी एक जरीकाठी उपरणं पडलेलं.

"हे पांढरं काय आहे?" सुकेशनीनं विचारलं.

"कणीक. डाव्या तोंडाला भिजवून लावावी लागती. त्याबिगर खालचा आवाज भरत न्हाई."

"तू लावलीस?"

"सकाळी लावली व्हती. आमचा पयला नंबर म्हणले व्हते. मग दुसरा म्हणले, मग पाव्हणे आल्यावर म्हणले. वाळून गेली, म्हणून मीच खरवडून काढली. बोलावतील तवा पुन्हा लावू म्हणलं." तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत ओल्या फडक्यात कणकेचा गोळा, हात न लागलेला. "आता आले तर आधीच कुणी तरी लावून ठिवलेली. बोट लावलं तर पापुद्रे निघाले, आन खाली ही चीर."

सुकेशनीनं एक पापुद्रा उचलून बोटांत चुरला. त्याचा भुगा झाला. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते चटकन ध्यानात येईना. तिनं थोडा भुगा रुमालात बांधून खिशात टाकला.

"आणि हे उपरणं?"

"आबांचं हाय." वैष्णवीनं मान खाली घातली. "मॅडम, तुमी तपास कराल तो करा. पण आज वाजवायला पायजे मला. माझे वडील आलेत. भागवतबुवा. जन्मभर पखवाज वाजवला त्यांनी, पण स्टेजवर कधी बसूच दिलं न्हाई. दरसाल हरिओमशेठ म्हणायचे, बुवा, पुढच्या वर्षी बघू. मग अंगावरून वारं गेलं, हात गेला. एकदा तरी त्यांना त्यांचा हात स्टेजवरून ऐकू द्यायचा व्हता. माझ्या हातानं."

म्हणजे सोफ्यावरून उठवलेला तो म्हातारा हिचा बाप होता.

तेवढ्यात हरिओमशेठ आत आला. महोत्सवाचा आयोजक, परभणीचा. कडक कुर्ता, दोन मोबाइल, आणि रुमालानं मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा पुसण्याचा चाळा.

"अरेरे! परंपरेवर घाला आहे हा, मॅडम! वीस वर्षं या क्षेत्रात आहे मी. पखवाजाची नस न नस ठाऊक आहे मला. काळीज तुटतं हो! आणि कावेबाजपणा तरी केवढा, चीर पाडून वर पीठ लावून झाकली! पण काळजी नको. ट्रॅक तयार आहे. तो लागेल, यांनी नुसते हात हलवायचे. टीव्हीवर थेट दाखवणार आहेत, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"सकाळीच न्हाई म्हणलं व्हतं आमी," वैष्णवी म्हणाली.

"ट्रॅक कसला?" सुकेशनीनं विचारलं.

"निवड फेरीत यांचं गाणं रेकॉर्ड केलं होतं. त्यात स्टुडिओत चांगल्या वादकाचा पखवाज टाकलाय. सगळ्याच मंडळांचं करून ठेवतो, अडीनडीला."

"खोलीची किल्ली?"

"आमच्या टेबलावर, खिळ्याला. कुणीही घ्यावी. आम्ही काय कलाकारांना चोर समजतो?" फोन वाजला आणि तो बोलत बोलतच बाहेर पडला.

आबासाहेब मंडपामागे खुर्चीत फुगून बसले होते. मंडळाचे प्रमुख, घरचे खाऊनपिऊन सुखी, आणि आज सत्कार आहे म्हणून डोक्याला नवा फेटा.

"आबासाहेब, पोरीनं पखवाज वाजवायला तुमचा विरोध होता म्हणे?"

"व्हता. उगं खोटं कशाला बोलू?"

"दुपारी त्या खोलीत गेला होतात?"

"न्हाई."

"मग तुमचं उपरणं तिथं चालत गेलं?"

आबासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. फेटा उगाच नीट केला. "गेलतो. खिडकीतून ऊन यायलं व्हतं पखवाजावर. कातडं तडकलं असतं. म्हणून टाकलं झाकून."

"तेव्हा कणीक लावलेली होती?"

"कुठली कणीक? स्वच्छ व्हतं तोंड. चीर-बीर काही न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरीला सांगू नका बाई. डोक्यावर बसंल."

सुकेशनीला हसू आलं, पण ते बाजूला ठेवून ती बालाजीकडं वळली. बालाजी दुसऱ्या मंडळाचा पखवाजी, तालुक्यात नावाजलेला. कमरेला छोटी सुरी.

"ही कशाला?"

"वाळलेली कणीक खरवडायला. सगळ्याच पखवाज्यांकडं असती, मॅडम."

"कातडं कापायलाही चालेल."

"चालंल की. पण मी कशाला कापू?" बालाजी चिडला. "त्या पोरीला हरवायचं तर वाजवून हरवीन. आन तिचा बाप माझा गुरू हाय. सकाळपासून त्या हरिओमशेठनं आमाला उपाशी ठिवलंय, पाणी मागितलं तर म्हणतो पाव्हणे आल्यावर. आमी कापलंच तर त्याचं बॅनर कापू!"

"सुरी दिवसभर तुझ्याजवळच होती?"

"खोलीत पिशवीत ठिवली व्हती. आत्ता आणली."

म्हणजे तीही सगळ्यांच्या हाताशी. सुकेशनी अस्वस्थ होऊन मैदानाच्या मागं फिरू लागली. पाहुणे कधीही टपकतील, मग गोंधळात सगळंच वाहून जाईल आणि ती पोर टीव्हीपुढं मुकाट हात हलवत बसेल. तिथं चुलीवर धुरपताबाई भाकरी थापत होत्या. पाहुण्यांसाठी अस्सल गावरान बेत: भाकरी, पिठलं, ठेचा.

"या बाई, खा चतकोर. तोंड लय सुकलंय तुमचं."

सुकेशनीनं भाकरीचा तुकडा घेतला. "काही अडचण नाही ना मावशी?"

"अडचण कशाची? फकस्त मळून ठिवलेला एक गोळा गेला परातीतून. पाणी आणाया गेलते. कुत्र्यानं नेला का काय की! दुसरा मळला."

भाकरी तोंडाशी नेता नेता सुकेशनी थांबली. तिनं खिशातला रुमाल सोडला, नाकाशी धरला, पुन्हा नीट बांधला. मग भाकरी संपवूनच ती उठली. आता घाई करून चालणार नव्हतं.

"सिद्धोधन, सगळ्यांना खोलीपाशी बोलव. हरिओमशेठला आधी. आणि वैष्णवीचा डबा माझ्याकडं आणून दे, कुणाला दिसू देऊ नको."

सगळे जमले तेव्हा लांब गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. पाहुणे पोचले होते. हरिओमशेठची चुळबुळ वाढली.

"आनंदाची बातमी," सुकेशनी म्हणाली. "बालाजी आपला पखवाज वैष्णवीला देतोय. देतोस ना?"

बालाजी क्षणभर गडबडला. "देतो की! माझा नंबर तिच्यानंतरच हाय."

"पण डाव्या तोंडाला लावायला काही नाही. वैष्णवीचा डबा सापडत नाही. हरिओमशेठ, तुम्हाला यातली नस न नस ठाऊक. पाहुणे दारात आलेत. बघा काहीतरी."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. हरिओमशेठनं बिल्लेवाल्याला हाक मारली. "अरे, पळ! त्या भाकरीवाल्या बाईकडून पिठाचा गोळा घेऊन ये!"

मग बालाजी फिसकन हसला.

"शेठ, पखवाजावर भाकरी थापायची का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं," सुकेशनी म्हणाली, "की मघाशी तुम्ही थापलीच आहे."

हरिओमशेठचा चेहरा पडला. सुकेशनीनं रुमाल उघडून भुगा सगळ्यांपुढं धरला.

"ही ज्वारी आहे. मी रोज भाकरी करते, मला आधीच ओळखू यायला हवी होती. ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो. कातड्यावर लावलं की वाळतं, भेगाळतं, गळून पडतं. म्हणूनच वैष्णवीचं बोट लागताच चीर उघडी पडली. पखवाजाला गव्हाचीच कणीक लागते, आणि हे ज्याचा हात पखवाजाला लागलाय त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वैष्णवी कणीक म्हणाली. बालाजी कणीक म्हणाला. मी कणीक म्हटलं तर आबासाहेबांना वेगळं सांगावं लागलं नाही. एकटे तुम्ही म्हणालात, पीठ. तेव्हा मी सोडून दिलं, बोलण्याची पद्धत असेल. पण आत्ता तुम्ही माणूस पाठवलात तोही थेट परातीकडं."

"पण मी का फाडीन? माझाच महोत्सव आहे!"

"तुमचाच आहे, म्हणून. टीव्हीवर सगळं गुळगुळीत दिसलं पाहिजे. सकाळी या मंडळानं ट्रॅकला नकार दिला. म्हणून आबासाहेब उपरणं टाकून गेल्यावर तुम्ही आत शिरलात. बालाजीची सुरी पिशवीत होती, ठपका त्याच्यावर आला असता. चीर पाडली आणि वरून लिंपलीत, म्हणजे पखवाज स्टेजवर पहिल्या थापेला फुटावा. मग भरल्या मंडपात या पोरीपुढं हात हलवण्यावाचून इलाजच नाही. फक्त कणीक कशाची असते, तेवढं वीस वर्षांत कुणाला विचारायचं राहून गेलं."

"याला पुरावा काय?"

"घड्याळ काढा."

त्यानं काढलं नाही. सिद्धोधननं हात धरला. पट्ट्याच्या कड्याकड्यांत वाळलेलं पांढरं पीठ बसलेलं होतं. मघापासूनचा पुसण्याचा चाळा सगळ्यांनाच आठवला.

"अहो, जाहिरातदार माझ्या नावानं बोंबलतात!" हरिओमशेठ एकदम ओरडला. "बेसूर झालं तर पुढच्या वर्षी कोण देईल कार्यक्रम? यांच्याचसाठी करतो ना मी!"

"आमच्यासाठी?" आबासाहेब गरजले. डोक्यावरचा सत्काराचा फेटा काढून त्यांनी त्याच्या हातात कोंबला. "घे. तूच मिरव!"

सिद्धोधन त्याला जीपकडं घेऊन गेला. वैष्णवीनं डबा घेतला, बालाजीच्या पखवाजाला कणीक लावली, बोटांनी दाबून दाबून पसरवली. सुकेशनी मंडपात गेली, सतरंजीच्या कडेला बसलेल्या भागवतबुवांना दंडाला धरून उठवलं आणि पहिल्या सोफ्यावर नेऊन बसवलं. एक बिल्लेवाला लगबगीनं आला, वर्दी पाहून तसाच परत फिरला.

निवेदिकेनं मंडळाचं नाव पुकारलं. कॅमेरे वळले. मंडळ स्टेजवर बसलं, वैष्णवीनं पखवाज पुढं ओढला.

आणि तिनं हात लावायच्या आधीच मंडपभर पखवाज घुमू लागला! साउंडवाल्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यानं ठरल्याप्रमाणं ट्रॅक सुरू केला होता. आबासाहेब तोंड मिटून बसलेले, आणि त्यांचाच आवाज स्पीकरमधून अभंग आळवतोय!

भागवतबुवा ताठ झाले. "हे वैष्णवी न्हाई वाजवायली," ते म्हणाले. "ह्यो हात आमचा न्हाई."

वैष्णवीनं एकवार बापाकडं पाहिलं. मग दोन्ही हात उचलले आणि डोक्याच्या वर, सगळ्यांना दिसतील असे उंच धरले. पखवाज वाजतच होता. तिच्यामागं टाळकऱ्यांनी टाळ जमिनीवर ठेवले आणि हात वर केले. शेवटी आबासाहेबांनीही केले. मंडपात आधी कुजबूज, मग हशा, मग "बंद करा!" म्हणून एकच ओरडा झाला. पुढच्या ओळीतले पाहुणे बुटांकडं बघू लागले.

साउंडवाला घाबरून सुकेशनीकडं बघायला लागला. "बंद करू का मॅडम?"

"थांब," ती म्हणाली. "बघू दे जरा सगळ्यांना."

मग तिनं मान हलवली. ट्रॅक बंद पडला.

वैष्णवीनं हात खाली आणले. डावी थाप पडली, भरदार, खोल. पाठोपाठ उजवा हात बोलू लागला.

भागवतबुवांनी डोळे मिटले. चांगला होता तो डावा हात सोफ्याच्या पांढऱ्या कापडावर तिच्याबरोबर पडू लागला.

"हां," ते शेजारी उभ्या असलेल्या सुकेशनीला म्हणाले. "ही माझी पोर."