शेवंतीचे स्फुरद

सावरगडच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राची प्रयोगशाळा टाक्यांच्या वरच्या मजल्यावर होती. खिडकी उघडली की वास आत येई, म्हणून ती कधी उघडत नसत. त्या दिवशी मात्र आयुक्त नचिकेत सरपोतदार यांनी ती स्वतः उघडली, खालच्या करड्या पाण्याकडे पाहिले आणि मागे वळून विचारले, "हे जिवाणू इथून निसटून नदीत गेले तर?"

"तर मरतील," डॉ. केतकी धोंगडे म्हणाली.

केतकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. गेली सहा वर्षे ती एकाच शत्रूच्या मागे लागली होती. तो शत्रू म्हणजे स्फुरद, अर्थात फॉस्फरस. शेतकरी खत म्हणून जे स्फुरद पिकाला घालतो, तेच माणसांच्या मलमूत्रातून आणि कपड्यांच्या साबणातून शहराच्या गटारात येते. जुने केंद्र पाण्यातली घाण काढायचे, स्फुरद नाही. ते शेवंती नदीत जायचे आणि खाली कुरळीच्या जलाशयात साठायचे. त्यावर पोसलेले शैवाल दर उन्हाळ्यात जलाशयावर हिरव्या रंगासारखे पसरत होते. त्यातली एक जात विषारी होती. मागच्या वर्षी कुरळी गावात त्या पाण्याने नव्वद माणसे आजारी पडली आणि तीन दगावली.

"जरा सोपं करून सांगा," आयुक्त म्हणाले.

"निसर्गात स्फुरद साठवणारे जिवाणू असतातच," केतकी म्हणाली. "पाण्यात प्राणवायू असला की ते स्फुरद गिळून पोटात साठवतात. प्राणवायू संपला की तेच साठवलेलं स्फुरद मोडून त्यावर जगतात, आणि ते परत पाण्यात सोडतात. सुगीत धान्य भरायचं आणि दुष्काळात खायचं, तसं. त्यांच्याकडून काम करून घ्यायचं तर दोन प्रकारच्या टाक्या लागतात, एक बिनहवेची आणि एक हवेची. दुप्पट जागा, आणि पाचेक वर्षांचं बांधकाम."

"आणि तुमचा जिवाणू?"

"त्याच्यातला कोठी उघडणारा जनुक आम्ही काढून टाकला. तो स्फुरद घेतो, पण परत देत नाही. म्हणून त्याचं नाव कृपण. आहे त्याच टाकीत काम करतो."

केंद्राचे मुख्य अभियंता फिरोज मणेर यांनी टेबलावरच्या बरण्यांकडे बोट दाखवले. "साहेब, हे कुरळीच्या जलाशयाचं पाणी आहे. शैवाल कुजून तिथला प्राणवायू रोज रात्री संपतो. कृपणाला प्राणवायूशिवाय जगता येत नाही, कारण त्याची कोठी कुलूपबंद आहे. वीस बरण्यांत सोडला. एकीतही दुसरा दिवस पाहिला नाही त्याने."

आयुक्तांनी खिडकी लावून घेतली. "मग थांबायचं कशाला?"

परवानगी मिळाली.

पहिल्या उन्हाळ्यात जलाशय अर्धाच हिरवा झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात झालाच नाही. कुरळीच्या घाटावरून पाण्यातला तळाचा खडक दिसू लागला, तेव्हा म्हातारी माणसे मुद्दाम पाहायला आली. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष रंजना पडाळ यांनी केंद्रावर पेढे आणले. विषारी पाण्याने त्या स्वतः महिनाभर रुग्णालयात होत्या. केंद्र सुधारा म्हणून सावरगडवर मोर्चा त्यांनीच नेला होता.

"तुमच्यावर लई ओरडले मी तेव्हा," त्या फिरोजला म्हणाल्या.

"ओरडलात म्हणूनच झालं, रंजनाताई," फिरोज म्हणाला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या. या वेळी हातात पेढे नव्हते. त्यांनी प्रयोगशाळेच्या ओट्यावर ओल्या गोणपाटातून एक कटला काढून ठेवला. मोठ्या डोक्यामागे अंग असे आकसले होते, की ते डोके दुसऱ्याच माशाचे वाटावे.

"दोन वर्षांचा मासा आहे, मॅडम. चार किलोचा पाहिजे होता. उचलून बघा."

केतकीने उचलला. हाताला जवळजवळ काही लागलेच नाही.

"आजार आहे का काही?"

"आजार असता तर काही मेले असते, काही वाचले असते. इथं सगळेच असे. जाळ्यात येतात ते उपाशी. आमची सत्तर घरं आहेत या पाण्यावर. पाणी काचेसारखं झालंय, पण त्यात काहीच नाही. आधी पाणी ओंजळीत घेतलं की बारीक बारीक काहीतरी वळवळायचं. आता तेही नाही."

केतकीने त्याच दिवशी नमुने आणवले. कटल्याचे अन्न म्हणजे प्लवक, पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. आणि प्लवकांना वाढायला थोडेसे तरी स्फुरद लागतेच. यंत्राने जलाशयातल्या स्फुरदाचा आकडा दाखवला तेव्हा तिला वाटले, यंत्र बिघडले. तिने दुसऱ्या यंत्रावर पाहिले. शून्य. डोंगरातल्या झऱ्यातही एवढे कमी नसते.

मग तिने पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. फिरोज शेजारी उभा होता. बराच वेळ ती मान वर करेना, तेव्हा त्याने विचारले, "काय दिसतंय?"

"कृपण," ती म्हणाली. "जिवंत. पोट टच्च भरलेलं आहे आणि दुभंगतोय. एकाचे दोन होतायत."

"शक्यच नाही. बरण्यांत मेला होता की."

"बरण्यांत कुठलं पाणी होतं, फिरोजभाई?"

फिरोज खुर्ची ओढून हळूच बसला.

"घाण पाणी," केतकीच पुढे बोलली. "प्राणवायू संपणारं पाणी. त्या पाण्यात तो मरत होता म्हणून आपण त्याला निर्धोक ठरवलं. मग आपण ते पाणीच साफ केलं. शैवाल गेलं, कुजणं थांबलं, रात्रीही प्राणवायू टिकायला लागला. रोज इथून जे चार-दोन निसटत होते, ते आधी मरायचे. जलाशय स्वच्छ झाला त्या दिवसापासून ते जगायला लागले."

"मग आपण केंद्रातला कृपण बंद करू. थोडं स्फुरद सोडू नदीत."

"सोडलेलं सगळं तो गिळेल. मासोळीच्या पिल्लालाही उरणार नाही. परत द्यायला तर त्याला येतच नाही."

दोघांनी पुढचे दोन महिने उपाय शोधण्यात घालवले. क्लोरीनने कृपण मरे, पण त्याच्याबरोबर पाण्यातले सगळेच मरे, आणि एवढ्या जलाशयाला पुरेल एवढा क्लोरीन ओतला तर कुरळीत कुणी घोटभर पाणी पिऊ शकले नसते. कृपणाला खाणारा दुसरा जीव शोधला, तो प्लवकांनाही खाई. दरम्यान मच्छीमारांनी जाळी गुंडाळून ठेवली. सुदैव एवढेच, की सलग दोन वर्षे पाऊस बेताचा पडला होता आणि जलाशयाच्या सांडव्यावरून पाणी खाली गेले नव्हते. या पावसाळ्यात सांडवा वाहिला तर कृपण खालच्या मोठ्या नदीत पोचणार होता आणि तिथून समुद्रापर्यंत.

उरलेला एकच उपाय दोघांनाही ठाऊक होता. तो उच्चारायला कुणी धजावत नव्हते. शेवटी केतकीनेच तो आयुक्तांसमोर बोलून दाखवला. बैठकीला रंजनाताईही होत्या.

"जलाशय गुदमरवायला हवा," ती म्हणाली. "मे महिन्यात पाणी कमीत कमी असतं, उष्णताही असते. केंद्र बंद करायचं आणि शहराचं सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडायचं. ते कुजेल, जलाशयातला सगळा प्राणवायू खाऊन टाकेल. पृष्ठापासून तळापर्यंत. कृपण मरेल. त्याला मारणारी ती एकच गोष्ट आहे."

सरपोतदार तिच्याकडे पाहतच राहिले. "मॅडम, या शहराने तुमचा सत्कार केलाय. नदी स्वच्छ केली म्हणून. आता मी लोकांना सांगू, की याच बाईंना नदीत मैला सोडायचाय?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगते. चूक माझी आहे, लोकांना तोंडही मीच देईन."

"आणि त्यानंतर? सगळं सुरळीत?"

"नाही. कृपण मेला, कुजला, की त्याच्या पोटातलं सगळं स्फुरद पाण्यात येईल. जलाशय पुन्हा हिरवा होईल. आणि आपण पहिल्यापासून सुरुवात करू. दोन प्रकारच्या टाक्या. साधे जिवाणू, जे घेतात आणि देतातही. पाच वर्षं, कदाचित जास्त."

रंजनाताईंनी विचारले, "मासे?"

"प्राणवायूशिवाय मासे मरतील, ताई."

"आधी काढून घेतो की. वर ओढा आहे, त्यात डोह आहेत. पिंपांत भरून पुढच्या पैदाशीपुरते बिजवाईचे मासे तिकडं नेऊन ठेवू."

केतकीने नकारार्थी मान हलवली. हे सांगणे तिला सगळ्यांत जड गेले. "पिंपातल्या पाण्याबरोबर कृपणही ओढ्यात जाईल. माशाच्या कल्ल्यांत, पोटात तो असणारच. ओढा स्वच्छ आहे, म्हणजे तो तिथे जगेल. मासा धुऊन निघत नाही. बिनहवेच्या पाण्यात दिवसभर ठेवला तरच कृपण मरेल. पण तोवर मासा..."

ती बोलता बोलता थांबली. रंजनाताईंनी एकदम मान वर केली. दोघींच्या ध्यानात ते एकाच वेळी आले.

"मरळ," रंजनाताई म्हणाल्या.

"मरळ आणि मागूर," केतकी म्हणाली. "ते वर येऊन हवा घेतात. त्यांना पाण्यातल्या प्राणवायूची गरज नाही. त्यांना कुठे न्यायचीही गरज नाही. ते जलाशयातच राहतील."

"कटला, रोहू मात्र जाणार."

"जाणार. नंतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या मत्स्यबीज केंद्रातून बीज आणावं लागेल."

रंजनाताई आयुक्तांकडे वळल्या. "साहेब, उपाशी ठेवून मारण्यापेक्षा हे बरं. कुरळीला टँकरचं पाणी द्या, आता महिनाभर आणि पुढं दर उन्हाळ्यात. गावाला मी समजावते. तुमचं शहर तुम्ही सांभाळा."

शहर सांभाळणे सोपे गेले नाही. केतकी वॉर्डावॉर्डांत गेली. पहिल्या सभेत कुणीतरी तिच्या अंगावर पाण्याची बाटली फेकली. तिने ती उचलली, कडेला ठेवली आणि बोलणे पुढे सुरू केले. चौथ्या सभेत लोक प्रश्न विचारू लागले. नवव्या सभेत एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उभे राहून म्हटले, "घाण आपलीच आहे. निस्तरायचीही आपणच." टाळ्या पडल्या नाहीत, पण विरोधही झाला नाही.

मेच्या मध्यावर फिरोजने स्वतः केंद्राची मुख्य झडप फिरवली. आयुष्यभर ज्या पाण्याला त्याने नदीपासून दूर ठेवले होते, ते त्याच्या डोळ्यांदेखत नदीत शिरले. तो बघत उभा राहिला नाही. पाठ फिरवून आत गेला आणि दार लावून घेतले.

जलाशय आधी करडा झाला, मग काळा. कटले आणि रोहू पांढऱ्या पोटांनी वर आले. मच्छीमारांनी ते नाका-तोंडाला फडकी बांधून काढले आणि खड्ड्यांत पुरले. वासाने कुरळीतली अर्धी घरे पाहुण्यांकडे निघून गेली. केतकी रोज होडीतून नमुने घेई. प्राणवायू तळाला संपला, मध्यावर संपला. वरच्या वीतभर थरात तो हट्टाने टिकून होता, कारण वारा तिथे हवा मिसळत होता. तेव्हा रंजनाताईंनी गावातून तेलकट, केरकचऱ्याचे आणखी सांडपाणी वळवले आणि वारा पडायची वाट पाहिली. तिसऱ्या आठवड्यात वारा पडला.

त्या दुपारी काळ्या पाण्यावर सगळीकडे टपटप आवाज सुरू झाला. होडीत बसलेल्या केतकीला क्षणभर पाऊस वाटला. वर आभाळ कोरडे होते. पाण्यातून शेकडो मरळ तोंडे वर काढत होते, हवेचा घोट घेत होते आणि पुन्हा खाली जात होते.

"जिवंत आहेत," रंजनाताई म्हणाल्या आणि वल्हे मांडीवर ठेवून रडू लागल्या.

दुसऱ्या दिवशीच्या एकाही नमुन्यात जिवंत कृपण नव्हता. त्यानंतरच्या एकाही नमुन्यात नव्हता. फिरोजने झडप बंद केली, केंद्रातल्या टाक्या रिकाम्या करून घासल्या आणि शेजारच्या तालुक्यातून साध्या जिवाणूंचा गाळ मागवला. जूनअखेरच्या मुसळधार पावसात सांडवा वाहिला तेव्हा पाणी गढूळ, हिरवट आणि वळवळणाऱ्या जीवांनी भरलेले होते. केंद्रामागच्या माळावर नव्या टाक्यांचे खोदकाम सुरू झाले.

जुलैच्या एका दुपारी केतकीला दूरच्या एका महानगरातून दूरध्वनी आला. तिथले मुख्य अभियंता मोठ्या उत्साहात होते.

"मॅडम, तुमच्या कृपणाबद्दल ऐकलं. आमच्या तलावाला तोच हवाय. तुमच्याकडे झालेली चूक आमच्याकडे होणार नाही, आम्ही तपासून घेतलंय. आमचा तलाव इतका सडलेला आहे, की निसटला तरी त्यात तो तासभरही जगणार नाही."

"तपासलंत? बरण्यांत?"

"हो. पन्नास बरण्या."

"आणि त्याने तलाव साफ केल्यावर?"

पलीकडून ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे औषध लागू पडलं, की तेच विष..."

"तेच."

"पण एखादी कुपी तरी ठेवली असेल ना तुम्ही? संशोधनासाठी?"

"होती," केतकी म्हणाली. "आज सकाळी तिची हवा बंद केली. तुम्ही इकडे या, साहेब. आमच्या टाक्या बांधून होईपर्यंत पाच वर्षं लागतील. पण पहिला खड्डा खणून झालाय. तो दाखवते."