चिंचेच्या पाण्यातली नाणी

या वयात खोटं सांगून मले काय भेटणार? हे माझ्याच घरात घडलं. आर्णीजवळचा आमचा तांडा, १९६२ चा वैशाख, अन् वेळ भर दुपारची. रातची नाही, ध्यानात ठेवा.

माझी धाकटी बहीण रामी. तिचं लग्न आठ दिवसांवर आलं, अन् गळ्यात घालाले हार नव्हता. आमचा बा, देवसिंग, त्याच काळजीत होता.

मंग त्याले शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, खड्डा खणताना चांदीची नाणी सापडली. हिरव्या-काळ्या गंजानं एकमेकांले चिकटलेली. प्रत्येकाले ओवायची कडी.

याडीनं, म्हणजे आमच्या आईनं, ती चिंचेच्या पाण्यात भिजवली अन् राखेनं घासाले बसली. मी पुसून जवसाचं तेल लावत होती, पुन्हा गंज धरू नये म्हणून.

एका नाण्याची खपली निघाली... खाली लाल चिंधी होती. आरसा टाचलेली.

आमच्याच बायांच्या कपड्याची.

आमच्यात लग्न झालेल्या माणसाले जाळतात. कुवाऱ्या पोरीले पुरतात. म्हणजे ही नाणी कोण्या पोरीसंग मातीत गेलती.

बानं मान खाली घातली. त्याले खणतानाच समजलं होतं, अन् हा माणूस गप बसला. त्याचा राग मले आजबी येते.

"लग्न होऊन जाऊ दे," तो म्हणे. "मंग पाहू."

याडी घासत राह्यली. जरा वेळानं तिनं हात थांबवला...

घासायचा आवाज थांबला नाही.

मंग कोणी तरी रडत ढावलो गाऊ लागलं. ढावलो म्हणजे सासरी जाताना नवरीनं गळ्यात पडून गायचं गाणं. रामी तं नदीवर गेलती. घरात आम्ही तिघंच.

तरीबी आम्ही हार ओवला.

लग्नानंतर निघताना रामी याडीच्या गळ्यात पडली अन् ढावलो गायली.

आवाज दोन होते...

याडीनं मले मंग सांगितलं, आपल्या मानेभोवती चार हात होते.

रामी हार घालूनच गेली. दिवाळीले पहिल्यांदा माहेरी आली. याडी पिठाच्या हातानं बाहेर धावली.

रामी दारातच उभी राह्यली. आत येईना. आमच्याकडं अनोळखी माणसाकडं पाहावं तशी पाहत होती. मंग हळूच बोलली,

"तुमी मले परत पुरणार तं नाही ना?"

याडीनं तिले घरात घेतलं. दुसरं काय करणार होती?

ती आता महागावले राह्यते. नातवंडं आहेत. मायाळू बाई आहे, कोणाचं वाईट केलं नाही. मले ताई म्हणते, सणाले लुगडं धाडते.

पण माझी रामी कुठं आहे... हे तिले विचारायची माझी हिंमत अजून झाली नाही.