ठोंब्याचे कप्पे

एका शब्दाला अर्थ असावेत तरी किती? हा प्रश्न मला पडला त्या दुपारी माझे हात झाडू मारून भरून आले होते आणि माझं डोकंही ठिकाणावर नव्हतं.

मंगळावर वादळ सुटलं की आमच्या वस्तीत झाडपाळी लागते. आकाश विटकरी होतं आणि सौरपट्ट्यांवर (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या तावदानांवर) धूळ साचते. मग लहानथोर सगळ्यांनी तो अवजड पोशाख अंगात चढवायचा आणि पाळीपाळीनं धूळ झाडायची. झाडून पाठ वळवावी तर मागे पुन्हा धूळ. यंदाचं वादळ तर हटायचं नावच घेत नव्हतं. वीज पुरत नव्हती आणि माणसं इतकी दमली होती की कुणी कुणाशी भांडतसुद्धा नव्हतं.

पाळी संपवून आत आले तर वस्तीच्या तंत्रप्रमुख इंगाबाई ठोंब्यासमोर उभ्या. ठोंब्या हा आमचा दुभाषी यंत्रमानव (एका भाषेतलं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगणारं यंत्र). नाव मीच ठेवलंय. तो विचार करत असला की अगदी ठोंब्यासारखा उभा राहतो.

"हा फार वीज खातोय," इंगाबाई म्हणाल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगतेय. "एवढ्याशा वाक्यासाठी सगळी स्मृती धुंडाळतो. ती हलकी करायला हवी. मराठी पुसून टाकते. ती बोलणारे तुम्ही तिघंच तर आहात."

तिघं म्हणजे मी, आई आणि आबा. आई दूरच्या खाणीवर, आबा आपल्या कामात बुडालेले. दिवसभर माझ्याशी मराठीत बोलणारा एकटा ठोंब्या.

"मग इंग्रजी पुसा ना!" मी ओरडले.

इंगाबाईंनी नुसते डोळे चोळले. एरवी त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

तेवढ्यात आबा आले. माझे आजोबा भाषावैज्ञानिक आहेत (शब्द कुठून आले, कसे बदलत गेले, याचा अभ्यास करणारे). धुळीनं त्यांचा घसा धरला होता. हातात आलं-तुळशीच्या काढ्याचा पेला होता.

"इंगा, जरा दमानं," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "याच्या डोक्यात अडगळ कसली आहे ते तर बघू. ठोंब्या, 'ड्रॉ' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ सांग बाबा."

ठोंब्याचे दिवे लुकलुकले. "गाडी ओढणे. विहिरीतून पाणी काढणे. पडदा सरकवणे. तलवार उपसणे. श्वास घेणे. चित्र काढणे. चिठ्ठी उचलणे. पगार घेणे. जवळ येणे. लक्ष वेधणे. सामना बरोबरीत..."

"पुरे रे!" मी म्हणाले. ऐकूनच जांभई आली.

आमच्या वस्तीची रीतच होती तशी. कुणाला इंग्रजी शब्दाचा नवा वापर सापडला की त्यानं तो ठोंब्याला सांगायचा आणि ठोंब्यानं त्याच्यासाठी नवा कप्पा उघडायचा. आपण एक कप्पा वाढवला, म्हणून लोक मिरवायचे. कप्प्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे कुणीच पाहिलं नव्हतं.

"पण आबा, संबंध असेल कसा? पाणी कुठे आणि चित्र कुठे?"

आबांनी कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "पेन्सिल टेकव. आता इकडून तिकडे ने. काय केलंस?"

"रेघ ओढली."

बोलले आणि माझं मलाच उमगलं. ओढली!

आबा दमलेले होते, तरी हसले. "हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'द्रागन' असा होता. अर्थ साधा, ओढणे. गाडी ओढायची, ती पुढे येते. पाणी ओढायचं, ते वर येतं. पडदा आडवा ओढायचा. पेन्सिल कागदावरून ओढायची, रेघा जमतात आणि चित्र होतं. टेबलाचा ड्रॉवर बघ, ओढायचा खण! काय ओढायचं आणि कुठे, एवढंच बदलत गेलं. मूळ एकच, त्याला फुटलेल्या फांद्या अनेक."

"आणि बरोबरीत सुटलेला सामना?"

"त्याच्यावर जाणकारांचंही एकमत नाही. खोटं कशाला सांगू?"

"आमच्या नॉर्वेत ओढण्याला आजही 'द्रा' म्हणतात," इंगाबाई हळूच म्हणाल्या. मग पुन्हा कपाळावर आठी आली. "ठीक आहे, मूळ तेवढं ठेवू. पण मग मराठी कशाला हवी?"

"करून बघ की," आबा म्हणाले.

इंगाबाईंनी ठोंब्याची मराठी तात्पुरती बंद केली आणि एकूणएक कप्पे मिटवून 'ड्रॉ'चं मूळ तेवढं उघडं ठेवलं. मग जो वापर कुणी कधीच सांगितला नव्हता, तो विचारला, "लेट द टी ड्रॉ. चहा काय करतो?"

ठोंब्या ठोंब्यासारखा उभा. "अर्थ सापडला नाही. चहाला कोण ओढतं?" तो इंग्रजीत म्हणाला.

त्याचा तो परका आवाज ऐकून मला रडूच आलं.

"त्याला मूळ मिळालं, पण फांद्या कशा फुटतात ते त्यानं पाहिलंय कुठे?" आबा म्हणाले. "इंग्रजी तुम्ही त्याला कप्प्यांत भरून दिलीत. मराठी तो या पोरीशी बडबडून शिकला, तिथे शब्दांना फांद्या फुटताना त्यानं पाहिल्यात. आता मराठी सुरू कर."

दिवे लुकलुकले. यावेळी थोडेच.

"पाणी काढतात, चित्र काढतात, पैसे काढतात," ठोंब्या पुटपुटला. "आत असतं ते ओढून बाहेर आणायचं. गरम पाणी चहाच्या पानांतला अर्क काढतं. चहा मुरू द्या, असा अर्थ. शलाका, आबांच्या पेल्यात आहे तेच ना? काढलेला अर्क, म्हणून काढा!"

काढा मी लहानपणापासून नाक मुरडत पीत आले होते. त्याचं नाव काढा का, हे मला कधी सुचलं नव्हतं.

इंगाबाईंनी विजेचा काटा पाहिला. तो खाली आला होता. "म्हणजे मराठीचं ओझं नव्हतंच," त्या म्हणाल्या, "ओझं होतं ते कप्प्यांचं." त्यांनी आबांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या. "मलाही द्या थोडा काढा. उद्यापासून बाकीच्या शब्दांची मुळं शोधू. शलाका, मदत करशील?"

मी मान डोलावली. बाहेर आकाश अजून विटकरीच होतं. पण पृथ्वीवर केवढ्या भाषा आहेत! त्या सगळ्यांची मुळं कुठे कुठे गेली असतील, या विचारानं माझी झोप उडाली.

"शलाका," ठोंब्या मराठीत म्हणाला, "पुढच्या पाळीचा माणूस आजारी आहे. त्याची झाडपाळी तुझ्याकडे आलीय. ऊठ."

अंग मोडून आलं होतं. तरी मी झाडू उचलला आणि म्हणाले, "पुन्हा सांग ना, ठोंब्या. मराठीतच."