कोरी राहिलेली बाई

दर रविवारी सकाळी बून तेक मास्तर इंटरनेटवरच्या आपल्या पानावर एक फोटो टाकायचे, तो बघून चित्र कसं काढायचं याचा खाली चार ओळींचा सल्ला लिहायचे, आणि पुढचा आठवडा लोकांनी तो सल्ला कसा ऐकला नाही हे बघत घालवायचे.

ते निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. शाळेत पोरं ऐकत नसत तेव्हा निदान खडू फेकून मारता यायचा. इंटरनेटवर तीही सोय नव्हती. आकाश आधी रंगवा म्हटलं की क्लांगचा कुमारवेल छप्पर आधी रंगवणार. काळा रंग वापरू नका म्हटलं की हॉलंडचा एक म्हातारा दंतवैद्य सावल्यांना डांबर फासणार आणि खाली लिहिणार, 'सर, तुमच्या मार्गदर्शनामुळेच.' इपोहच्या मॅडम चॉन्ग तेवढ्या सांगितलेलं ऐकायच्या, पण ऐकण्याआधी इतके प्रश्न विचारायच्या की मास्तरांचा कोपी, म्हणजे तिकडची कडक कॉफी, निवून जायचा.

फोटो बहुतेक वेळा घरासमोरच्या पडवीचाच असे. पिनांगच्या त्या गल्लीत अशा पडव्या ओळीने होत्या; मास्तरांच्या पडवीची भिंत निळ्या चुन्याची, पोपडे आलेली, खिडकीला हिरव्या झडपा. आणि भिंतीशी बुटक्या स्टुलावर त्यांची बायको ग्वेक लान. अंगात निळा ब्लाउज, मांडीवर सूप, आणि मुगाच्या मोडांच्या शेपट्या खुडणं चाललेलं.

"माणूस आधी मांडा," मास्तर लिहायचे. "तो माणूस म्हणून काढू नका, माप म्हणून काढा. दार किती उंच, भिंत किती लांब, सगळं त्याच्यावरून ठरतं."

वाचक त्या मापाला आंटी म्हणायचे आणि अधूनमधून तिची तब्येतही विचारायचे. मास्तर त्या प्रश्नांना उत्तर देत नसत. पान चित्रकलेचं होतं.

"म्हाताऱ्या, पुढच्या रविवारपासून नुसती भिंतच काढ," एकदा फोटो काढताना ग्वेक लान म्हणाली. "ताइपिंगहून बहीण बोलावतेय. महिनाभर राहून येते."

"आणि इथं कोण बसणार?"

"मांजर बसव. तिला पगार लागत नाही."

"तुला तरी कुठं लागतो?"

"तेच म्हणतेय मी."

"मान जरा खाली. सुपाकडे बघ."

तिने मान खाली घातली. मास्तरांनी फोटो काढला.

त्या आठवड्यात पहिलं चित्र आलं कुमारवेलचं. आकाश आधी रंगवलेलं होतं. मास्तरांना गहिवरून यायचंच बाकी होतं. पण स्टुलावर बाई नव्हती. बाईच्या जागी कोरा कागद होता. दंतवैद्याचं चित्र आलं, तेही तसंच. मग एकामागून एक सगळ्यांची.

मास्तरांनी रागाने लिहिलं, "पांढरं सोडा म्हणजे उजेडापुरतं सोडा. अख्खी बाई सोडू नका."

कुमारवेलने उत्तर दिलं, "सर, मी नाही सोडली. तिथं रंगच धरत नाही."

"हाताचं तेल लागलं असेल. साबणाने हात धुऊन कागदाला हात लावत जा."

"सर, मी हॉटेलात भांडी घासतो. माझ्या हाताइतका धुतलेला हात अख्ख्या क्लांगमध्ये सापडायचा नाही."

मग रंग धरावा म्हणून कागदाला लावलेली खळ खराब असेल, दमट हवेत असं होतं, असं मास्तरांनी सविस्तर लिहिलं. त्यावर दंतवैद्याने कळवलं की त्याच्याकडे हिवाळा आहे, हीटर चालू आहे, आणि ओठसुद्धा फुटलेत. मास्तरांनी त्याला ओठांना काहीतरी लावायला सांगितलं.

मॅडम चॉन्गनी व्हिडिओ कॉलच केला. "सर, हे बघा. माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा." त्यांनी कोऱ्या जागेवर निळ्या रंगाचा थेंब सोडला. थेंब क्षणभर उभा राहिला, मग घरंगळत कडेला गेला आणि तिथं मुकाट्याने कागदात मुरला.

"पाणी जास्त झालंय," मास्तर म्हणाले.

"बरं सर," मॅडम चॉन्ग म्हणाल्या. त्यांना पटलं नव्हतं, हे त्यांनी प्रश्न न विचारल्यावरून कळलं.

मास्तर सगळी चित्रं एकाशेजारी एक लावून बसले. आणि त्यांच्या लक्षात आलं की ती कोरी जागा चुकलेली नव्हती. कुमारवेलला आजवर चार पायांवर उभी राहील अशी खुर्ची काढता आली नव्हती, पण त्याच्या कागदावर राहिलेली बाई हुबेहूब होती. बारका अंबाडा, उतरता खांदा, गुडघ्याचं टोक. दंतवैद्याचीही तशीच. इतकी वर्षं शिकवून जे जमलं नाही, ते त्यांना न काढता जमलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. आठवड्याच्या सुरुवातीच्या चित्रांत बाई बाजूने बसली होती, कडेला नाकाचा उंचवटा दिसत होता. नंतरच्या चित्रांत नाक नव्हतं. ती समोर वळली असावी. किंवा तिने पाठ फिरवली असावी. कोऱ्या कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

शनिवारी दुपारी मास्तर स्वतः कागद घेऊन पडवीत बसले. चांगला, जाड, जपून ठेवलेला कागद. समोर ग्वेक लान मोड खुडत होती. भिंत झाली, झडपा झाल्या. मग त्यांनी ब्लाउजसाठी ब्रश निळ्यात बुडवला आणि खांद्याशी टेकवला.

रंग मागे सरकला.

त्यांनी ब्रश दाबला. जाड पोस्टर कलर लावला, तो सुकायच्या आत सायीसारखा गोळा होऊन निघाला. पेन्सिल काढली. पेन्सिल काचेवर घसरावी तशी घसरली.

"काय झालं? नाक चुकलं?" ग्वेक लानने वर न बघता विचारलं.

"कागद खराब आहे."

"तुझा कागदच खराब असतो नेहमी."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. कानाजवळ तिचे केस पांढरे झाले होते. नुसती बट नव्हे, चांगला पट्टा. तो कधी झाला कोण जाणे. त्यांच्या एकाही चित्रात तो नव्हता.

"लान, आत जा."

"अजून निम्मे मोड राहिलेत."

"आत बसून खुड. आणि उद्या ताइपिंगला जा. मी स्वतः सोडतो तुला बसवर."

तिने हात थांबवला. "ताप आलाय का तुला?"

"इथं बसू नकोस आता. कधीच."

"बरं बाई," ती सूप उचलत म्हणाली. "सुटले एकदाची."

रविवारी सकाळी त्यांनी स्टूल आत आणून ठेवलं आणि नुसत्या भिंतीचा फोटो काढला. मोठा करून कोपरा न् कोपरा तपासला. पोपडे होते, झडपा होत्या, आणखी काही नव्हतं. खाली लिहिलं, "आज माणूस नाही. फक्त भिंत."

मागच्या स्वयंपाकघरात ग्वेक लान निघण्याआधी तांदूळ धुवत होती. बस दुपारची होती. तिची पिशवी जिन्याशी भरून ठेवलेली होती. मास्तर कोपी घेऊन पडद्यासमोर बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांना तो गरम प्यायला मिळाला.

पहिलं चित्र नेहमीप्रमाणे कुमारवेलचं आलं.

"सर, आज रंग एकदम मस्त धरला."

भिंतीशी स्टूल होतं. स्टुलावर ग्वेक लान बसली होती, पुऱ्या रंगात.

'भिंत म्हटलं होतं,' मास्तरांनी चिडून टाइप केलं. 'एक शब्द ऐकाल तर शपथ.' मग त्यांचं बोट थांबलं.

दंतवैद्याचं चित्र आलं. त्यातही ती होती, समोर बघत.

नेहमीचा निळा ब्लाउज नव्हता. प्रवासासाठी आज सकाळी घातलेला तपकिरी फुलांचा होता.

कानाजवळ पांढरा पट्टा होता. प्रत्येक चित्रात.

"लान?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता.

"लान, नळ बंद कर."

पाणी एका लयीत पडत होतं. मध्ये हात असला की आवाज तुटतो. तो तुटत नव्हता.

पडद्यावर मॅडम चॉन्गचं चित्र आलं. सर्वांत सुरेख तेच होतं. खाली त्यांचा प्रश्न होता.

"सर, आंटीचे हात ओले आहेत ना? म्हणून बोटांवर बारीक पांढरं सोडलंय. बरोबर केलं का?"