शिट्टीखालचा आवाज

सिरसाळ्यात बसस्टँडच्या पुढं माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. हेडलाइट, हॉर्न, सेल्फ, टेप... गाडीत वायर जिथं जिथं जाते तिथं माझा हात गेलेला आहे. त्यामुळं अंगद त्या दुपारी गाडी घेऊन आला तेव्हा मला काही विशेष वाटलं नाही.

अंगद लग्नाची, दवाखान्याची भाडी मारतो. लातूरहून जुनी गाडी घेऊन त्याला महिनाही झाला नव्हता. सोबत त्याची बायको बबिता होती.

"आदिनाथभाऊ, टेप लावला की शिट्टी वाजती बगा. ॲक्सिलेटर द्यावं तशी चढती. बसणारी मानसं लई वैतागत्यात."

मी हसलो. असली शिट्टी म्हणजे टेपची अर्थ वायर ढिली. इंजिन चालताना जो करंट तयार होतो, त्याचा आवाज स्पीकरमध्ये शिरतो. अर्ध्या तासाचं काम. अंगद चहा सांगायला पलीकडं गेला आणि मी पेचकस उचलला, तेवढ्यात बबिता जवळ आली.

"भाऊ, शिट्टी राहू द्या."

"कावून, वहिनी?"

ती अंगदच्या पाठीकडं बघत होती. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं.

"परळीच्या रेल्वे फाटकाला गाडी बंद करून उभी केलती. मी मागं बसलेली. कानाशी म्हातारीनं इचारलं, धारूर आलं का? मला वाटलं रस्त्यावरची बाई हाय कुनी. म्हनलं, न्हाई अजून. तवापासनं नाव घेऊन इचारती... बबिता, धारूर आलं का? शिट्टी वाजती तवर ऐकू येत न्हाई. म्हनून मी टेप बंद करू देत न्हाई ह्यांना."

मी तिला धीर दिला. म्हटलं, कधी कधी स्पीकरच्या वायरीत रेडिओचा आवाजसुद्धा उमटतो, घाबरू नका. आणि खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं. मी टेप बाहेर काढला, पत्र्यावरचा रंग खरवडला, अर्थ वायर घट्ट बोल्ट केली. गाडी चालू करून जोरात रेस दिली. शिट्टी गेली होती.

चढावर इंजिनावर जोर येतो, तिथं खरं कळतं. म्हणून धारूरच्या घाटापर्यंत चक्कर मारू म्हटलं. बबिता आली नाही. दुकानाच्या दारातल्या स्टुलावर बसून राहिली. मी चालवायला बसलो, अंगद डाव्या बाजूला. तेलगाव मागं पडलं. चारचा सुमार, ऊन लख्ख होतं. घाटात झाडाचं पान हलत नव्हतं. पुढं गाडी नाही, मागं गाडी नाही. मी गाणं अगदी बारीक केलं आणि कान दिला. शिट्टी नाही. काहीच नाही.

आधी वास आला. मिसरीचा. तव्यावर तंबाखू करपवल्यावर येतो तसला, कडू.

मग माझ्या मागून, डाव्या बाजूनं...

"धारूर आलं का?"

घसा कोरडा पडलेल्या म्हातारीचा आवाज होता. अंगदनं माझा दंड धरला. मी आरशात बघितलं. मागची सीट रिकामी.

"टेप बंद करा भाऊ... बंद करा."

मी टेप बंद केला. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

"धारूर आलं का?"

अंगद दार उघडून पळाला. पन्नास-साठ पावलांवर जाऊन गाडीकडं तोंड करून उभा राहिला. मला पळता आलं नाही. हाताला सवय होती ती कामाची. टेपचा फ्यूज उपसला. तरी आवाज आला. बोनेट उघडून बॅटरीची वायर काढली. आता आख्ख्या गाडीत करंटचा थेंब नव्हता. पुन्हा आत बसलो, टेप ओढून बाहेर काढला, पाठीमागचा प्लग उपटला. डाव्या मागच्या स्पीकरच्या दोन वायरी मोकळ्या लोंबत होत्या. त्यांना मी खिशातला करंट मोजायचा मीटर लावला.

आकडा शून्य.

"धारूर... आलं का?"

आकडा हलला. शब्दागणिक थरथरला आणि पुन्हा शून्यावर आला.

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. स्पीकरसमोर तोंड नेऊन कुणी बोललं, तर तो उलटा चालतो, स्वतःच कणभर करंट बनवतो. हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणजे स्पीकर बोलतच नव्हता. त्याच्याजवळ बसून कुणीतरी बोलत होतं. मागच्या सीटवर.

वास आता माझ्या मानेवर येत होता. गरम.

"आदिनाथ," ती म्हणाली. "धारूर आलं का, लेकरा?"

माझं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आलं," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "आलं, माय... उतर."

मागचं डावं दार खट् करून उघडलं. सीटची स्प्रिंग कुरकुरली. वास विरत गेला. मी तसाच बसून होतो, मान न वळवता.

"भाऊ," लांबून अंगद ओरडला, "मागचं दार कावून उघडलं?"

"लाव ते," मी म्हणालो.

त्यानं हात लावला नाही. मीच उतरलो, लावलं. बॅटरी जोडली. अंगद गाडीत बसेना. एक मोटारसायकलवाला तेलगावकडं निघाला होता, त्याला हात करून हा त्याच्या मागं बसला. "तुमीच आना गाडी," एवढंच बोलला. गाडी तशी घाटात सोडून जायची कशी? आणि म्हातारी तर उतरली होती.

गाडी वळवली, सिरसाळ्याकडं तोंड केलं. शंभर पावलंही गेलो नसेन, तर समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आणि घंटी वाजायला लागली. टिंग... टिंग... टिंग. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की वाजते ती.

शेजारी कुणी नव्हतं.

धारूर आलंच नव्हतं. मी खोटं बोललो होतो.

घंटी थांबेना. टिंग... टिंग... जोरात व्हायला लागली. शेवटी डोळे रस्त्यावर ठेवून मी हात लांबवला, पट्टा ओढला आणि खाली अडकवला. घंटी थांबली. पण पट्टा मला नेहमीपेक्षा जास्त ओढावा लागला. डोळ्याच्या कडेनं दिसत होतं, तो सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढं ताणलेला होता, आणि हळूहळू वर-खाली होत होता.

सिरसाळा येईस्तोवर मी शेजारी मान वळवली नाही.

दुकानासमोर गाडी उभी केली. शेजारी पट्टा टक् करून सुटला आणि सरसरत मागं गेला. बबिता स्टुलावरून उठली. तिची नजर माझ्याकडं नव्हती. तिनं घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली आणि दुकानाच्या दारातून बाजूला सरून वाट दिली.

मी अजून गाडीतच बसलेलो होतो.