शोभेच्या बरणीतले मूग

इमारतीची लिफ्ट मध्येच अडकली नसती, तर तो कशाला येतोय धान्याच्या दुकानात! पण ती अडकली, दुरुस्तीला तो आला, आणि हात पुसायला फडकं मागावं म्हणून तळमजल्यावरच्या दुकानात शिरला. गल्ल्यावर नेमकी दुकान चालवणारी आत्या नव्हती, तिची भाची होती. त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं आणि नाकाच्या शेंड्यावर एक टपोरा ठिपका.

"फडकं मिळेल का?"

"हाताला हवंय, की नाकाला?"

त्यानं घाईघाईनं नाक पुसलं, ते सगळंच काळं झालं. मग दोघंही हसत सुटली.

जाता जाता तो थबकला. "मोड आलेले मूग आहेत का हो? डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलंय."

"मोड दुकानात नाही येत. घरी आणावे लागतात." तिनं कागदात मूग बांधता बांधता त्याला शिकवलं, रात्री भिजवा, सकाळी पाणी काढून फडक्यात घट्ट बांधा, उबेला ठेवा आणि विसरून जा.

तो विसरला, तो नेमका पाणी काढायलाच. त्याच आठवड्यात डबा घेऊन हजर झाला आणि झाकण उघडताच दोन गिऱ्हाइकं नाकाला पदर लावून बाहेर पडली.

"अहो लिफ्टवाले, हे मूग आहेत की गटार?"

"मास्तरीणबाई, तुम्हीच म्हणालात, विसरून जा!"

हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि हसतानाच तिच्या मनात आलं, आता याला जमेल. एकदा जमलं की हा परत कशाला येईल?

दुकानाच्या दर्शनी काचेत एक शोभेची बरणी होती. आत्यानं दुकान उघडलं तेव्हा भरलेले मूग त्यात तसेच होते. वर्षानुवर्षं ऊन खाऊन त्यांच्यातला जीव कधीच गेला होता. भिजवले तर फुगले असते, पण मोडाचं नाव नको. तिचा हात त्या बरणीत गेला. "हे घ्या. खास तुमच्यासाठी."

पोरीनं एवढासा चावटपणा केला, दुसरं काय! पण त्याची गोडी लागली. तो यायचा, पडलेल्या चेहऱ्यानं डबा पुढे करायचा, आणि ती भुवई उंचावून तपासणी करायची.

"फडकं कुठलं होतं?"

"सुती."

"धुतलेलं?"

"मी स्वतः धुतलंय… तुमचं आहे ते. त्या दिवशीचं."

तिनं पटकन मान खाली घातली. "मग… या वेळी कोमट पाण्यात भिजवा. आणि त्यांच्याशी जरा बोला."

"मुगांशी? काय बोलू?"

"मनातलं."

तो खरंच बोलायचा म्हणे. बाहेर पाऊस भुरभुरत असला की चहा व्हायचा, चहा संपला तरी पेला त्याच्या हातात राहायचा. यंत्रं कह्यात ठेवणारा माणूस मूठभर मुगांपुढे हात टेकतो, याचं तिला हसू यायचं आणि मायाही वाटायची.

आत्याला काही कमी दिसत नव्हतं. एकदा काच पुसता पुसता म्हणाली, "बरणी रिकामी होत चाललीय गं."

"उंदीर असतील."

"असतील. चहा पिणारे." आत्यानं फडकं झटकलं. "माणसाला फार ताटकळत ठेवू नये, बाळा. तुटेपर्यंत ताणू नये."

त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "मी एक ठरवलंय. यांना मोड आले ना, की तुम्हाला एक विचारायचं."

"आत्ताच विचारा की."

"अंहं. मोड आल्यावर. तिकडे मावशी माझ्यासाठी एक स्थळ घेऊन बसलीय, तिलाही थांबवून ठेवलंय."

तिचे कान तापले. तिला सगळं कळलं. हात पोत्याकडे, चांगल्या मुगांकडे गेलासुद्धा… आणि थांबला. त्यानं विचारलं की सगळं थोरामोठ्यांच्या हातात जाणार. मग हा पडलेला चेहरा, ही तपासणी, हा लांबवलेला चहा कुठला? अजून एकदाच, तिनं स्वतःला समजावलं. फक्त एकदाच. आणि तिनं बरणीत हात घातला.

त्यानंतर तो आला तो थट्टा न करता. डबा ठेवला आणि म्हणाला, "माझ्या हाताला गुण नाही, हेच खरं."

ती तडक पोत्याकडे वळली. पोत्यातले ताजे, टपोरे मूग तिनं ओंजळभर बांधून दिले. "या वेळी येतील. शपथ. नक्की येतील."

"बघू," तो म्हणाला. चहाला थांबला नाही.

परत आला तेव्हा तिचं तेच फडकं गाठ मारलेलं तसंच त्याच्या हातात होतं. "भिजवून बांधले होते. पण उघडून बघितलं नाही. दर वेळी तेच… मावशीचा फोन आला, हो म्हणून टाकलं."

तिनं पुरचुंडी हातात घेतली. ओलसर होती, आणि जड.

"त्या मुलीला आधी दोनदा नकार आलाय. माझा होकार ऐकून रडली म्हणे. मावशी म्हणाली, आता शब्द फिरवू नकोस." तो कसंनुसं हसला. "फिरवणार नाही."

"आणि ते… तुम्हाला विचारायचं होतं, ते?"

"आता राहू दे. आमच्या नशिबात मोड नव्हते, मास्तरीणबाई."

तिची नजर पुरचुंडीवर गेली. कापडाच्या विणीतून पांढरी टोकं बाहेर आली होती. एक, दोन, मग सगळीकडे. फडकं जरा वर धरलं असतं, तर त्याला दिसलं असतं. एक शब्द पुरे होता. पण ती न पाहिलेली, आनंदानं रडलेली मुलगी डोळ्यांसमोरून हलेना. चूक आपली, आणि भोगायची तिनं?

तिनं पुरचुंडीवर तळवा ठेवला, पूर्ण झाकेल असा.

"काय चुकलं असेल हो माझं?" त्यानं दारातून विचारलं.

"तुमचं काही नाही चुकलं," ती म्हणाली. "मूगच जुने होते."

तो गेला. दुकानाचं दार लागल्याचा आवाज आला. आत्या आतून बाहेर आली, तिनं भाचीकडे पाहिलं, मग त्या तळव्याकडे, आणि तिला जवळ घेतलं.

"आत्या, सगळ्यांना आलेत गं," ती म्हणाली आणि रडू लागली. "एकही दाणा राहिला नाही."