उजव्या बाजूचं वजन

आम्ब्रुशचा सगळा जन्म काट्यांत गेला होता. पेच शहरात तो वजनमापांचा तपासनीस होता. मंडईतले, बेकऱ्यांतले, खाटकांकडचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर कुलूप ठोकायचं. पंधरा वर्षं हेच काम केल्यामुळे माणसांच्या बोलण्यापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायची त्याला सवयच लागून गेली होती.

जानेवारीत आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज सकाळी रिकाम्या पोटी वजन करून लिहून ठेवायला सांगितलं. घरातला काटा त्याला पटेना. कचेरीतून बाद झालेला, पण पन्नास ग्रॅमपर्यंत चोख दाखवणारा एक काटा त्यानं पेचजवळच्या कोम्लो गावातल्या आपल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवला. फेब्रुवारी आणि मार्च, दोन्ही महिने आईचं वजन चौपन्न किलोच्या आसपास टिकून होतं. आई, एतेल्काबाई, काट्यावर उभी राहून रोज म्हणायची, "लाव एकदाचा शिक्का मलाही." तो हसून वहीत आकडा लिहायचा.

रविवारची दुपार मात्र त्याची स्वतःची होती. मागच्या खोलीत त्यानं भंगारातल्या गाडीची सीट पक्की बसवली होती. समोर स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि तीन पडदे. संगणकावरच्या शर्यतींची त्याच्यासारख्या हौशी लोकांची एक लीग होती. देशाच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची तेवीस माणसं दर रविवारी तीन वाजता एकत्र धावायची. गाडी सगळ्यांची सारखीच, फरक असायचा तो सेटअपचा: टायरमधली हवा, स्प्रिंगांचा कडकपणा, मागच्या पंखाचा कोन, ब्रेकचा पुढे-मागे जोर. आम्ब्रुश एका वेळी एकच गोष्ट बदलायचा, दहा फेऱ्या मारायचा, आकडे लिहायचा आणि मग पुढची गोष्ट. लीगमध्ये त्याला सगळे 'काटेवाले' म्हणायचे.

लीगचा एक रिवाज होता. रविवारी जो जिंकेल त्यानं सोमवारी दुपारपर्यंत आपला सेटअप सगळ्यांना खुला करायचा. कायदा म्हणून नव्हे, अब्रूचा प्रश्न म्हणून. आम्ब्रुशला हा रिवाज मनापासून आवडायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला वेद्रानचा निरोप आला. वेद्रान सरहद्दीपलीकडच्या बेली मनास्तिरचा. त्याची आजी मग्यार, आम्ब्रुशच्याच लोकांतली, म्हणून ती भाषा त्याला चांगली यायची आणि जीभही तिखट होती. तीन वर्षं तो आणि आम्ब्रुश एकमेकांच्या पुढे-मागे होते. त्या हंगामात वेद्राननं पहिल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या शर्यती अशा फरकानं मारल्या होत्या की कुणाला बोलायला जागा राहिली नव्हती. आता त्यानं एक फाइल पाठवली होती आणि खाली लिहिलं होतं की सोमवारी सगळ्यांना देत होतो तो सेटअप खोटा होता, खरा हा. मी लीग सोडतोय.

आम्ब्रुशला राग आला. तीन वर्षांच्या ओळखीत या माणसानं खोटं माप दिलं होतं. पण फाइल त्यानं उघडलीच.

त्यात विशेष काहीच नव्हतं. टायरची हवा जरा कमीच, पंख जरा जास्तच. नवशिक्यानं घाईत केल्यासारखा सेटअप. फक्त जादा वजनाच्या रकान्यात त्याची नजर अडकली. त्या रकान्यात पाचाच्या पटीतले आकडेच भरता यायचे. इथे आकडा होता ५३.८५. जागा: उजवी बाजू, चालकाशेजारी. त्या गाडीत शेजारी सीटच नव्हती, नुसता रिकामा पत्रा होता.

त्यानं आकडा खोडून शून्य केलं. फाइल पुन्हा उघडली तर आकडा जागेवर.

एवढं ओझं घेऊन गाडी रडतखडत जायला हवी होती. ती फेरीमागे सव्वा सेकंदानं वेगवान निघाली. आम्ब्रुशनं दहा फेऱ्या मारल्या, मग आणखी तीस. गाडी चांगली होती, पण वेगळीच वागत होती. शिशाचा ठोकळा बसवला की वळणावर तो गाडीबरोबरच कलतो, हे त्याला माहीत होतं. हे वजन क्षणभर उशिरा कलायचं. डावं वळण आलं की आधी गाडी झुकायची, मग शेजारचं काहीतरी तोल सांभाळत सावरायचं. स्टिअरिंगमधून ते तळहाताला स्पष्ट कळायचं.

दुसऱ्या दिवशी रकान्यात ५३.५५ होतं, त्याच्या पुढच्या दिवशी ५३.२०. त्यानं खेळाच्या प्रोग्रॅममधला दोष म्हणून कागदावर नोंद केली आणि सराव चालू ठेवला. रोज ऑफिसातून आल्यावर जेवणापर्यंत पन्नास-साठ फेऱ्या व्हायच्या.

आईची भूक त्याच आठवड्यांत मंदावली, असं त्याला वाटलं. खरं तर ती जेवत होती. कोंबडीचं सूप, नूडल्स, दही, सगळं वेळेवर. वहीतला आकडा तरी खाली येत होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाची तपासणी पुन्हा केली आणि त्यांना काही सापडलं नाही.

तिसऱ्या रविवारी आम्ब्रुश अकरा सेकंदांनी जिंकला. शर्यत संपवून तो स्वयंपाकघरात आला तेव्हा आई खुर्चीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसली होती. तिला गरगरत होतं. त्यानं पाणी दिलं, रक्तदाब मोजला. रक्तदाब ठीक होता.

सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यानं सेटअप लीगच्या पानावर खुला केला. वेद्रानसारखं खोटं माप द्यायचं नाही हे त्यानं आधीच ठरवलं होतं. खाली एक ओळ लिहिली: वजनाचा रकाना बिघडलेला दिसतो, त्याकडे लक्ष देऊ नका.

मंगळवारी त्यानं सुट्टी घेतली होती. आईला तपासायला न्यायचं होतं. आठ वाजता त्यानं तिचं वजन केलं, वहीत ४९.६५ लिहिलं आणि निघायला वेळ होता म्हणून मागच्या खोलीत जाऊन संगणक सुरू केला. पेन अजून हातातच होतं.

रकान्यात ४९.६५ होतं.

त्यानं वही आणून मागची पानं उलटली. खेळातले आकडे तो रोज सकाळी, आईच्या न्याहारीआधी, वेगळ्या कागदावर टिपत आला होता. कागद वहीशेजारी ठेवला. तारखेला तारीख, आकड्याला आकडा. अठरा दिवस, एकाही ठिकाणी पन्नास ग्रॅमचासुद्धा फरक नव्हता.

आकड्यांचा माणूस होता तो. त्यानं पेटीतून दोन किलोचं शिक्क्याचं पितळी वजन काढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. ती म्हणाली, हे काय नवीन? तो म्हणाला, जरा धरून बस. मागच्या खोलीत परत आला.

५१.६५.

वजन उचलून घेतलं. ४९.६५. पुन्हा ठेवलं. ५१.६५. मग त्यानं वजन काढून घेतलं, तिला एक पेला पाणी पाजून पेला टेबलावर ठेवला आणि मागच्या खोलीच्या दारातून पडद्याकडे पाहिलं. आकडा दोनशे ग्रॅमनं वाढला होता.

पितळी वजन त्याच्या हातातून निसटून फरशीवर पडलं. तो ते उचलायला वाकला. आईनं तोंड पुसलं आणि अगदी सहज म्हणाली, "रागावणार नसशील तर एक सांगू? डावीकडे फार जोरात नेतोस रे तू."

त्याच्या खोलीचं दार खेळताना नेहमी बंद असायचं. कानावर हेडफोन असायचे. आईनं त्याला गाडी चालवताना कधी पाहिलेलं नव्हतं.

"कुठे नेतो?" त्यानं विचारलं.

"ते मला काय माहीत? डोळे मिटून पडलं की नुसती वळणं लागतात. रस्ता दिसत नाही."

त्यानं खोलीत जाऊन संगणकाची तार भिंतीतून ओढून काढली. मग जिन्यात जाऊन वेद्रानला फोन लावला. पहिल्या घंटेलाच फोन उचलला गेला, जणू पलीकडचा माणूस वाटच पाहत होता.

आम्ब्रुशनं काही विचारायच्या आधीच वेद्रान म्हणाला, "किती दाखवतंय तुझ्याकडे?"

आम्ब्रुशनं आकडा सांगितला.

मग वेद्राननं सांगितलं. त्याच्याकडे सुरुवातीला अठ्ठ्याऐंशी दाखवत होतं. त्याचा बाप गोदामात पोती उचलणारा, धडधाकट माणूस. तीन महिन्यांत तो एकसष्टवर आला. वेद्राननं गाडी चालवणं थांबवलं त्या दिवशी वजन उतरणं थांबलं, पण गेलेलं परत आलं नाही. "समोरच बसलेत आत्ता," वेद्रान म्हणाला. "सकाळपासून खाताहेत. अंगाला एक ग्रॅम लागत नाही."

"मग मला कशाला पाठवलीस, नालायका?"

"मला वाटलं तुझ्याकडे तो रकाना कोरा दिसेल." वेद्रानचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कोरा दिसला असता तर मला वेड लागलंय एवढंच ठरलं असतं. तुझ्याइतकं चोख मोजणारं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही."

ती फाइल त्याला कुठून मिळाली, असं आम्ब्रुशनं विचारलं. वेद्रान म्हणाला की ती त्याच्या यादीत होतीच. एका सकाळी होती.

आम्ब्रुशला तेव्हा सोमवार आठवला. तिथेच जिन्यात बसून त्यानं मोबाइलवर लीगचं पान उघडलं. त्याच्या सेटअपखाली चौदा जणांनी लिहिलं होतं. गाडीचं कौतुक होतं, टोमणे होते, आणि मध्येमध्ये आकडे होते. एकानं लिहिलं होतं, माझ्याकडे ७१.२० दाखवतंय, तुमच्याकडे? दुसऱ्याकडे ९४.०५ होतं. एकाकडे २२.६०. त्या माणसाचा मुलगा पहिलीत होता, शर्यतीच्या मध्येच येऊन स्टिअरिंग ओढायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानं खाली लिहिलं: ही फाइल कुणीही चालवू नका, ताबडतोब काढून टाका. दोन मिनिटांत उत्तरं आली. काटेवाले, अकरा सेकंदांनी जिंकल्यावर आता माप परत मागता होय? कुणी हसणारे चेहरे टाकले. २२.६०वाल्याला त्यानं फोन केला. तो वैतागला, पण चालवत नाही म्हणाला.

यादीत सगळ्यात खाली एमेशेची ओळ होती. मोहाच गावात दुना नदीच्या काठी बेकरी चालवणारी एमेशे लीगमधली एकुलती एक बाई. ती कुणालाच भीक घालायची नाही. शर्यतीत हेडफोनवर तिचा आवाज ऐकला की पुढचा माणूस आपोआप बाजूला व्हायचा. तिनं लिहिलं होतं: माझ्याकडे ०.८०. तुम्ही ओझी वाहा, मी चालले पुढे.

आम्ब्रुशनं ती ओळ पुन्हा वाचली. आठशे ग्रॅम. आठशे ग्रॅमचं माणूस नसतं. एमेशे एकटी राहते, मागच्या वर्षी नवऱ्यापासून वेगळी झाली, हे तिनंच सांगितलेलं. तिच्याकडे मांजरसुद्धा नव्हतं.

त्याचा श्वास जरा मोकळा झाला. शंभर काटे बरोबर दाखवत असले आणि एक साफ चुकीचा असला, तर आधी त्या एकाकडे बघायचं, हे तो नव्या तपासनिसांना शिकवत आला होता. एमेशेचा आकडा कुणाचाच नसेल, तर बाकीचे आकडेही कुणाचे असायची गरज नव्हती. बाकी योगायोग. पितळी वजनाचं काय, हा विचार त्यानं तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

तिनं फोन उचलला नाही. बेकरीत ती फोन घेत नसे. बुधवारी सकाळी आईजवळ शेजारणीला बसवून तो मोहाचला निघाला. ऊन स्वच्छ पडलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झाली होती. तासाभरानं तो बेकरीच्या दारात उभा होता.

आत गरम पोगाचांचा, त्या छोट्या खाऱ्या पावांचा, वास होता. त्यानं हाक मारली तशी उंच काउंटरपलीकडून एमेशेनं त्याला आवाजावरून ओळखलं. आजवर त्यांनी एकमेकांना कॅमेऱ्याच्या चौकोनात, गळ्यापर्यंतच पाहिलं होतं.

"काटेवाले! माझा काटा तपासायला आलात की सेटअप परत न्यायला?"

त्यानं तिचा संगणक दाखव म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मागेच आहे, रात्रीची भट्टी उतरली की सकाळी तिथेच बसते. गिऱ्हाइकाला पाव देऊन तिनं मागचं दार ढकललं. काउंटरवरून वाकल्यावर त्याला पडदा दिसला, फाइल उघडीच होती.

०.७०.

"काल ०.८० होतं ना?" आम्ब्रुशनं विचारलं.

"होतं. रोज हलकी होतेय गाडी." ती आनंदात होती. "दोनशे फेऱ्या मारल्यात दोन दिवसांत. रविवारी तुमचं काही खरं नाही."

"घरात तुझ्याबरोबर कोण असतं?"

"कोण असणार? मी एकटी."

त्याला हसू आलं. मोठ्यानं हसावंसं वाटलं. एकटी. म्हणजे आकडा कुणाचाच नाही.

मग ती काउंटरच्या आडून बाहेर आली.

ॲप्रन पुढून ताणलेला होता. एक हात कमरेला देऊन ती जपून चालत होती.

"हं, तसं बघितलं तर दोघं," ती म्हणाली. "सहावा महिना. लीगमध्ये बोलू नका हं, लगेच हळू चालव म्हणून शहाणपणा शिकवतील."

आम्ब्रुशनं पडद्याकडे बोट केलं, मग तिच्याकडे, आणि हात तसाच राहिला.

एमेशेचं हसू हळूहळू मावळलं. तिनं आकड्याकडे पाहिलं.

"काल सकाळपासून फार शांत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, झोपलंय."

ती स्टुलावर बसली. तिनं तळहात पोटावर एका जागी दाबून धरला. थांबली. मग तो थोडा खाली सरकवला, मग डावीकडे, आणि पुन्हा पहिल्या जागी आणला.